तळव्याला केस नसतात

१

मेलेल्या बाईचा रिपोर्ट तिच्या नवऱ्यानं घडी उलगडून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात दाबून तो तसाच उभा राहिला.

"ह्यो तुमच्याच लॅबचा न्हवं?"

डॉ. तेजस्वी मगदूमनं कागद वाचला. शाहूपुरीतल्या तिच्याच पॅथॉलॉजी लॅबचा होता. जुलेखा मुजावर, राहणार कबनूर. उजव्या पायावरचा काळा डाग काढून तपासायला आलेला. निदान, साधा तीळ, कर्करोग नाही. खाली तिच्या हाताखालच्या डॉक्टरची, धैर्यशीलची सही.

"आमचाच आहे. बसा ना."

"बसत न्हाय." माणसाचं नाव मुजम्मिल. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं मोठ्यानं बोलतात. हा मात्र इतकं हळू बोलत होता, की तिला पुढं वाकावं लागलं. "हिला नंतर जांघेत गाठ आली. मिरजेत तपासली, तर काळ्या डागाचा कॅन्सर निघाला. तिथलं डॉक्टर म्हणालं, पायावर जो डाग हुता त्यातनंच पसरलाय, अंगावर दुसरा डाग कुठंच न्हाय. तुमी म्हणताय साधा तीळ. मग माझी बायकू मेली कशानं, एवढं सांगा. मला दुसरं काय नगं."

तेजस्वीनं कपाटातून जुलेखाची काचपट्टी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एखाद्या विद्यार्थ्यालाही ओळखता येईल असा निरुपद्रवी तीळ समोर होता. धैर्यशीलचं काही चुकलं नव्हतं. तिला नकळत हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून तिनं मान न वळवताच विचारलं, "पायावर नेमका कुठं होता डाग?"

"तळव्याला. टाचंच्या म्होरं. दिसभर अनवाणी उभी राहून मागाच्या कांड्यांवर सूत भरायची. म्हणायची, खडा टोचल्यागत वाटतंय."

तेजस्वी पुन्हा काचेवर वाकली. तिळाच्या खाली, कातडीत खोल, एका केसाचं मूळ होतं. शेजारी दुसरं. पलीकडं तिसरं.

माणसाच्या तळव्याला केस नसतात. बाईच्या नाही, पुरुषाच्या नाही, लहान पोराच्याही नाही.

कुठल्याही जुलेखाच्या तळव्याची ही कातडी नव्हती.

२

"मला थोडी सवड द्या," ती मुजम्मिलला म्हणाली. "खरं काय झालं ते मी शोधते. आमच्या लॅबवर आलं तरी तुमच्यापासून लपवणार नाही."

त्यानं कागदाची घडी खिशात घातली. "सवडच हाय आता," एवढंच बोलून तो गेला.

लॅबमध्ये अशा तुकड्याला दोनच माणसांचे हात लागत. पहिला अल्लाउद्दीन. सकाळी स्कूटरवरून हॉस्पिटलांतून कातडी टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यांच्या बाटल्या गोळा करायच्या आणि पुढं त्या तुकड्यांचे मेणात ठोकळे करून त्यांचे पापुद्रे काचेवर घ्यायचे, हे त्याचं काम. लॅब उघडली त्या दिवसापासून तो तिथं होता. दुसरा धैर्यशील. बाटलीतला तुकडा बाहेर काढायचा, मोजायचा, शल्यचिकित्सकानं जिथं जिथं सुरी चालवली त्या बाहेरच्या कडांना शाई फासायची, मग पावाचे काप करावेत तसे उभे काप करायचे आणि शेवटी काच बघून निदान लिहायचं, हे त्याच्याकडं. शाई एवढ्यासाठी, की काचेवर तिची रेघ दिसली म्हणजे कातडीची खरी हद्द कळते. रोग रेघेपर्यंत पोचला असेल, तर काही अंश अंगातच राहिला.

बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, हे तिला पहिल्यांदा सुचलं. पण तसं असतं, तर जुलेखाचा कॅन्सर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर निघाला असता. तिनं त्या दिवसांतली कातडीची एकूणएक काच काढून पाहिली. तसला कॅन्सर एकातही नव्हता. जुलेखाची कातडी कुणाच्याच नावावर नव्हती. ती या लॅबमध्ये कधी पोचलीच नव्हती, नाहीतर पोचून नाहीशी झाली होती.

आता मेणाचे मूळ ठोकळे बघायला हवे होते. त्यातून आणखी खोलवरचे पापुद्रे घेता आले असते. ती मागच्या खोलीत गेली आणि ठोकळ्यांचा खण ओढला.

जुलेखाच्या जागी मोकळी फट होती. ठोकळे कुणीतरी काढून नेले होते.

३

"माझ्याकडे आहेत," धैर्यशील म्हणाला. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं.

त्यानं पिशवीतून रुमालात गुंडाळलेले दोन ठोकळे काढून टेबलावर ठेवले. चेहरा आजारी माणसासारखा उतरला होता. "मिरजेच्या डॉक्टरांचा फोन मीच घेतला होता मॅडम. तेव्हापासून रोज बघतोय. घरी जातानाही बरोबर नेतो. यात कॅन्सर नाही. मला दिसत नाही की नाहीच आहे, हे तुम्ही सांगा."

"नाहीच आहे. पण यात केस आहेत, धैर्यशील. डाग तळव्यावर होता."

तो खुर्चीत बसला. "बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर नुसतं 'उजवा पाय' होतं. पाय म्हटल्यावर मी पोटरी धरली. तिचं ऑपरेशन करणारे मोठे इंगवले सर एरवी जागा इतकी नेमकी लिहितात, म्हणून मी फोन करून विचारलंही नाही."

सुरी लावण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायची त्याला सवय होती. त्यानं तो फोनवर शोधून दिला. कातडीचा तुकडा एरवी दोन्हीकडं निमुळता, पानासारखा येतो. हा एका बाजूनं निमुळता होता आणि दुसऱ्या बाजूनं बोथट, जणू पान मधोमध तोडलेलं. निमुळत्या टोकाला काळ्या दोऱ्याचा टाका होता. वरची बाजू कुठली हे लॅबला कळावं म्हणून हॉस्पिटलात असा टाका घालून पाठवतात.

अल्लाउद्दीन दारात येऊन थांबला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मॅडम, सरळ इचारा की. बाटली मी आणली, ठोकळा मी केला. संशय माझ्यावरच येणार."

"येतोय," तेजस्वी म्हणाली. "म्हणूनच तुमच्या समोर बघते."

तिनं काच पुन्हा लावली आणि या वेळी तीळ सोडून फक्त कडा पाहिल्या. बोथट बाजू तिळाच्या मधूनच गेली होती, अर्धा तीळ इकडं आणि उरलेला गायब. त्या चिरलेल्या तोंडावर शाईची निळी रेघ अखंड होती.

"शाई फासल्यानंतर इथं कुणी तुकडा अर्धा केला असता, तर हे तोंड कोरं राहिलं असतं," ती म्हणाली. "याच्यावर शाई आहे. म्हणजे धैर्यशीलनं ब्रश फिरवला तेव्हा तो आधीच अर्धा होता. धैर्यशीलनं केलं नाही."

"मग ऱ्हायलो मी," अल्लाउद्दीन म्हणाला.

"थांबा." तिनं काच थोडी सरकवली. "ताजी कातडी कापली की तिची कड आत वळते, आवळते. फॉर्मॅलिनमध्ये मुरून कडक झाल्यावर कापली तर ताठ राहते, पुठ्ठ्यासारखी. ही वळलेली आहे. बाटलीत पडण्याआधी कापलीय. तुमच्या हातात बाटली आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, अल्लाउद्दीनभाई."

अल्लाउद्दीन जवळच्या स्टुलावर टेकला आणि दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

उरलेला अर्धा भाग शोधायला वेळ लागला नाही. त्याच सकाळी त्याच हॉस्पिटलातून दुसरी एक बाटली आली होती, पिराजी नावाच्या माणसाच्या दंडावरचा तीळ. त्याचाही फोटो धैर्यशीलकडं होता. तोही एका बाजूनं बोथट, आणि निमुळत्या टोकाला तसाच टाका. तेजस्वीनं दोघांच्या काचा उजेडावर शेजारी शेजारी धरल्या. दोन अर्धे तीळ एकमेकांना येऊन भिडले.

पिराजीच्या एका तिळाचे दोन तुकडे करून दोन बाटल्यांत भरले होते. हे घडलं होतं इंगवल्यांच्या ऑपरेशन थिएटरात. आणि डॉ. विजयसिंह इंगवले हे तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेल्यावर तिला मुंबईला शिकायला पाठवणारे तेच.

४

इंगवले हॉस्पिटलात तिला आधी भेटली ती शालूबाई, थिएटरची जुनी सिस्टर. ती खाकरून मोठ्यानंच बोलली.

"कबनूरची बाई व्हय? आठवती की. लई गरीब. टेबलावर हुती तरी मलाच इचारत हुती, जेवलासा का म्हणून. आता मोटं सायेब मोटी ऑपरेशनं करत न्हाईत, ती सम्राट सरांच्याकडं. तीळ, गाठी असलं बारीकसारीक सायबांच्याकडं. त्या दिवशी दोघंबी आत हुते. पिराजीचं आधी झालं, मग बाईचं. बाईला भाईर न्यायला मीच गेलतो... गेलते. परत आले तवर दोन्ही बाटल्यांना झाकणं लावलेली."

"बाटलीत तुकडे एरवी कोण घालतं?"

"मीच की. त्या दिवशी घातलेलं दिसलं. म्हटलं, बरं झालं, माझं काम वाचलं."

विजयसिंह आपल्या खोलीत होते. उंच, ताठ माणूस. त्यांनी चहा मागवला, तिच्यापुढं कप आला, त्यांच्यापुढं आला, आणि त्यांचा तसाच निवत राहिला. उजवा हात टेबलाखाली होता.

"तेजू, हे फार वाईट झालं," सगळं ऐकून ते म्हणाले. "पण थिएटरात असं काही होत नाही. तुझा तो माणूस भर बाजारातनं स्कूटरवर बाटल्या नेतो. एखादी सांडली असेल. घाबरून काहीतरी जुळवलं असेल त्यानं. लॅबमधलं लॅबनंच बघावं."

"अल्लाउद्दीनभाईंना टाका घालता येत नाही, काका."

तेजस्वी उठली. ती पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचली, तेव्हा दाराबाहेरून सगळं ऐकलेला सम्राट मागून धावत आला. विजयसिंहांचा मुलगा, नुकताच हॉस्पिटलची धुरा घेतलेला. लहानपणी दोघं एकाच अंगणात खेळलेले.

"ताई, बाबांना त्रास देऊ नकोस," तो म्हणाला. "मी केलं. त्या बाईचा तुकडा माझ्या हातनं हरवला. दुसऱ्याचा अर्धा करून भरला. आत मी आणि बाबाच होतो, बाबांचं लक्ष नव्हतं. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिही."

५

तिनं त्याला तसंच गाडीत बसवून लॅबमध्ये आणलं.

अल्लाउद्दीननं सकाळीच दोघांच्या ठोकळ्यांतून खोलवरचे पापुद्रे काढून ठेवले होते, टाका होता त्या टोकाचेसुद्धा. टाक्याचा दोरा सुरी लावण्याआधी काढतात, पण सुई जिथून गेली तिथं कातडीत बारीक बोगदा राहतो.

"टाका तूच घातलास?" तिनं सम्राटला विचारलं.

"हो."

"सुई किती वेळा घातलीस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "एकदा. किती वेळा घालतात? टोकातनं एकदा पार करायची आणि गाठ मारायची."

तिनं त्याला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. काचेवर कातडीचं निमुळतं टोक होतं, आणि त्यात एका बोगद्याऐवजी चार होते. तीन अर्ध्यावर थांबलेले, वाकडेतिकडे, एकमेकांना छेदणारे. चौथा कसाबसा पार गेलेला. कुणीतरी पुन्हा पुन्हा सुई टोचली होती आणि सुई पुन्हा पुन्हा भलतीकडं गेली होती.

"ही पिराजीची बघ," ती म्हणाली. त्यातही तसंच. "आणि ही तू स्वतः केलेल्या ऑपरेशनांची." तिथं प्रत्येक टोकाला एकच सरळ भोक होतं. "काकांनी वर्षभरात पाठवलेलं सगळं मी तुमच्याकडं यायच्या आधीच काढून बघितलं. आधी दोन भोकं, मग तीन. आता चार, पाच. तुझा हात चांगला आहे, सम्राट. हे तुला मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमणार नाही."

सम्राटनं डोळे काचेवरून काढले नाहीत.

"फोन आला म्हणून मी बाहेर गेलो होतो," तो म्हणाला. "आत आलो तर बाबा पाठमोरे उभे. हातात सुई. पेशंट तर बाहेर गेलेली. मी विचारलं नाही. ताई, मी काहीच विचारलं नाही."

६

विजयसिंह त्याच खुर्चीत होते. या वेळी त्यांनी हात लपवला नाही. तो टेबलावर होता आणि बोटं एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, थांबत नव्हती.

"चिमट्यातनं सटकला," ते म्हणाले. "बेसिनमध्ये पडला. नळ चालू होता. मी हात घालेपर्यंत गेला. एवढासा तुकडा." ते थोडं थांबले. "आयुष्यात हजारो तीळ काढले. मला तो साधाच वाटला. म्हटलं, रिपोर्ट साधाच येणार, मग कुणाचा तुकडा गेला यानं काय फरक पडतो. पिराजीचा होताच समोर. चिठ्ठीवर तळवा लिहायचं टाळलं. तुझ्याकडं कुणीतरी केस बघेल, एवढं तेव्हाही सुचलं मला."

"तुकडा गेला हे तिला सांगायचं. जखमेच्या कडेचं थोडं पुन्हा काढायचं."

"सांगायचं म्हणजे हाताचं सांगावं लागलं असतं."

तेजस्वीला जे विचारायचं होतं ते हे नव्हतं.

"आणि तिला गाठ आली तेव्हा?"

विजयसिंहांनी डाव्या हातानं उजवा दाबून धरला.

"तिनं रिपोर्ट आणला होता. स्वतः उघडून माझ्यापुढं धरला. म्हणाली, सायेब, ह्यात तर काय वाईट लिवलेलं न्हाय न्हवं? मी म्हणालो, नाही. जंतुसंसर्ग असेल म्हणून गोळ्या दिल्या. ती परत आली, परत दिल्या."

तो कागद खोटा आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती बाई नेमकी त्याच्याकडंच तो घेऊन आली होती. एकदा नव्हे. तुकडा हरवला ती चूक होती, असं तेजस्वीला कालपर्यंत म्हणता आलं असतं. गोळ्या लिहून देताना या माणसाला सगळं कळत होतं. तरी त्यानं लिहिल्या.

"तू काय करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"खरा रिपोर्ट लिहिणार. दोन्ही नावांचे ठोकळे डीएनए तपासायला पुण्याला पाठवले की ते एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध होईल. पिराजीला भेटून त्याच्या दंडाचं सांगणार. आणि मुजम्मिलना सगळं सांगणार."

"तुझ्या शिक्षणासाठी मी..."

"माहितेय, काका." ती उठली. "तेच शिक्षण आहे हे."

मुजम्मिलला तिनं लॅबमध्ये बोलावलं. या वेळी तो बसला. तिनं एकेक गोष्ट सावकाश, सोप्या शब्दांत सांगितली. मध्ये एकदाही त्यानं तिला अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तवाच कळलं असतं, तर वाचली असती?"

"नक्की सांगता येत नाही. पण तिला संधी होती. चांगली संधी होती."

त्यानं खिशातला जुना रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"तिला म्हाईत हुतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"डॉक्टरांचा हात. टेबलावर पडल्या पडल्या तिनं बघितलं हुतं. घरी आली नि म्हणाली, अहो, डॉक्टरांचा हात लई थरथरतोय, बिचाऱ्यांना बरं न्हाय वाटतं. मी म्हटलं, सांगायचं न्हाय व्हय कुणाला? तर म्हणाली, कशाला, त्यांची इज्जत जाईल. नमाज झाली की रोज त्यांच्यासाठी दुवा मागायची. मिरजेत पडून हुती तवाबी. त्यांचा हात बरा हू दे म्हणून."

धैर्यशील दारातून आत सरकला होता, तो तसाच मागं वळला.

मुजम्मिलनं नवा रिपोर्ट घडी न घालता हातात धरला. "पोलीस ठाणं कुठं आलं हितनं?"

"जवळच आहे. चला, मी येते बरोबर."

"तुमी कशाला, मॅडम? तुमचीच मानसं हायत ती."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि तिनं ठोकळ्यांचा डबा पर्समध्ये ठेवला.

ठाण्यातल्या हवालदारानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, कोरा कागद पुढं ओढला आणि नाव काय म्हणून विचारलं. मुजम्मिलनं तोंड उघडलं, पण त्याचा आवाज फुटेना. हवालदार पेन धरून थांबला.

"जुलेखा," तेजस्वी म्हणाली. "जुलेखा मुजावर. तिच्यासाठी आलोय आम्ही."